ती तसली नाही

'जेनिफर्स बॉडी' हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो बडोद्यात, हॉस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपभोवती सहाजणींनी दाटीवाटीने बसून. कुणाच्या तरी भावाकडून पेनड्राइव्हवर आलेली प्रत होती. २०१० सालचा पावसाळा. आम्हाला भीतीपट हवा होता आणि हा तर धड भीतीपटही निघाला नाही. अर्ध्या तासानंतर आम्ही पडद्यावरच्या मुलीच्या कपड्यांवर आणि ओठांवर शेरे मारत बसलो. शेवटी सहापैकी चौघी झोपल्या होत्या. जागी राहिलेली दुसरी मुलगी माझी खोलीतली जोडीदारीण होती. भरूचकडची, गुजराती. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "कंई खास नथी." मीही तेच म्हणाले.

गेल्या सात-आठ वर्षांत या चित्रपटाबद्दल जगभर वेगळंच बोललं जाऊ लागलं आहे. तो स्त्रीवादी आहे, काळाच्या पुढे होता, त्याच्यावर अन्याय झाला, तो 'कल्ट' आहे. मला तो आता आवडतो. पण का आवडतो याचं माझं कारण या स्तुतीत कुठे सापडत नाही. ते कारण मला स्वतःबद्दल फारसं बरं वाटू देणारं नाही, म्हणून ते लिहून काढायला इतकी वर्षं गेली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, त्याला इलाज नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं डेव्हिल्स केटल नावाचं छोटं गाव. जेनिफर ही शाळेतली सगळ्यात देखणी मुलगी. नीडी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, चष्मेवाली, जरा मागे मागे राहणारी. (नीडीचं खरं नाव अनिता आहे. हे कळल्यावर ती मला एकदम आपल्या वर्गातली वाटू लागली.) शहरातून एक बॅन्ड गावातल्या दारूच्या गुत्त्यात वाजवायला येतो. गुत्त्याला आग लागते, माणसं होरपळून मरतात. त्या गोंधळात बॅन्डची पोरं भेदरलेल्या जेनिफरला आपल्या गाडीत घालून नेतात. त्यांना प्रसिद्धी हवी आहे आणि सैतानाला कुमारिकेचा बळी दिला की ती मिळते असं त्यांनी इंटरनेटवर वाचलं आहे. धबधब्याजवळ ते तिला भोसकतात. फक्त एक गफलत होते. जेनिफर कुमारिका नसते. म्हणून ती पुरती मरत नाही. तिच्यात काहीतरी शिरतं, आणि ते शाळेतली मुलं खाऊ लागतं.

मराठी माणसाला हे नवीन नाही. हडळ, जखीण, डाकीण यांच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. कुणा बाईचं काहीतरी वाईट होतं, ती मरते, मग पारावर, विहिरीवर, तिकाटण्यावर दिसू लागते. त्या गोष्टींत एक बाब मला लहानपणी कधी खटकली नव्हती. गाव बाईला घाबरतं. तिचं वाईट करणारा कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे गोष्ट सांगत नाही. तो बहुधा सुखाने जगून, नातवंडं खेळवून मेला असेल. 'जेनिफर्स बॉडी' ही हडळीचीच गोष्ट आहे, पण ती त्या माणसांवरची नजर काढून घेत नाही. बॅन्ड प्रसिद्ध होतो. आगीतून लोकांना वाचवणारे वीर म्हणून गाव त्यांना डोक्यावर घेतं. त्यांचं गाणं शाळेत वाजतं आणि पोरंपोरी ते मनापासून गातात. चित्रपटातला सगळ्यात कडू विनोद हाच आहे, आणि तो २००९ साली फार थोड्यांना कळला.

का कळला नाही याचं एक उत्तर आता बरंच माहीत झालेलं आहे. दिग्दर्शन कॅरिन कुसामाचं, लेखन डायाब्लो कोडीचं. कोडीला 'जुनो'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालेलं होतं. कुसामाने २००० साली 'गर्लफाइट' हा मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुलीवरचा उत्तम चित्रपट केला होता. दोघींनी नंतरच्या मुलाखतींत सांगितलं आहे की चित्रपट मुलींसाठी केला होता आणि जाहिरात मुलांसाठी झाली. मेगन फॉक्स तेव्हा 'ट्रान्सफॉर्मर्स'मुळे पोस्टरवरची बाई होती, तिला पोस्टरवरच ठेवलं गेलं. तिला बघायला आलेल्या पोरांना पडद्यावर मुलंच खाल्ली जाताना दिसली. ज्या मुलींसाठी चित्रपट होता त्या पोस्टर बघून फिरकल्याच नाहीत. सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने जगभरात ३ कोटींच्या आसपास मिळवले, म्हणजे वितरणाचा खर्च धरला तर पडलाच. सगळेच समीक्षक विरोधात होते असं मात्र नाही. रॉजर ईबर्टने चारपैकी तीन तारे दिले होते. पण एकूण सूर 'ही बाई आणि तिचं अंग' एवढाच राहिला. चित्रपटाच्या नावातच अंग आहे, हे नाव एका स्त्रीप्रधान रॉक बॅन्डच्या १९९४ च्या गाण्यावरून घेतलेलं आहे, या गोष्टींकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता?

मग ऑक्टोबर २०१७ आला. बायका बोलू लागल्या. आणि गाडीत पुरुषांमध्ये सापडलेली, हसून वेळ मारून नेऊ पाहणारी, तुम्ही माझ्यावर बलात्कार करणार आहात का असं त्यांनाच विचारणारी जेनिफर लोकांना एकदम वेगळी दिसू लागली. चित्रपट तोच होता. इथे एक जुना प्रश्न येतो: कलाकृतीचा अर्थ नंतरच्या घटनांनी बदलतो का? माझं मत साधं आहे. अर्थ बदलला नाही. तो बघायची आपली लायकी तेव्हा नव्हती. त्या दृश्यात ती पोरं तिला भोसकताना एक जुनं लोकप्रिय गाणं म्हणतात, कारण त्यात तिच्या नावाची मुलगी आहे. ती रडत असते. हे दृश्य विनोदी म्हणून चित्रित केलेलं नाही. त्या पोरांना ते विनोदी वाटतं आहे, असं चित्रित केलेलं आहे. हा फरक पडद्यावर स्वच्छ दिसतो. आम्ही सहाजणी तिथे हसलो होतो. आम्ही बॅन्डच्या बाजूने हसलो होतो.

पण या नव्या कौतुकाचंही मला पूर्ण पटत नाही. चित्रपटाला सूडकथा म्हणायची पद्धत पडली आहे. अत्याचार झालेली मुलगी पुरुषांना फाडून खाते, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. नीट बघा, जेनिफर ज्यांना खाते त्यातल्या एकानेही तिला काही केलेलं नाही. जोनस हा आगीत मित्र गमावलेला खेळाडू. कॉलिन हा काळे कपडे घालणारा, कविता करणारा भिडस्त मुलगा. चिप हा नीडीचा प्रियकर, भोळा आणि प्रेमळ. बॅन्डच्या वाटेला जेनिफर एकदाही जात नाही. तिला भूक आहे आणि हाताशी येतील ते ती खाते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हात नेमका अन्याय करणाऱ्यापर्यंत पोचेल, याची हमी कुणी दिली आहे? घरात मार खाणारी बाई पोराला बडवते, साहेबाचं ऐकून घेतलेला कारकून खिडकीशी उभ्या म्हाताऱ्याला झापतो. कुसामा आणि कोडीला हे ठाऊक होतं. कॉलिनच्या मरणाचं दुःख चित्रपट खरं मानतो. त्याला सूडाचा जल्लोष म्हणणारे त्याला मोठं करायला निघतात आणि अर्धा कापून ठेवतात.

तर माझं कारण. २०२० मध्ये टाळेबंदीत मी तो पुन्हा पाहिला, एकटीने. आग लागण्याआधीचं गुत्त्यातलं एक छोटं दृश्य आहे, जे मला पहिल्या वेळचं आठवतही नव्हतं. बॅन्डची पोरं जेनिफर कुमारिका असेल का यावर आपापसात बोलत असतात. नीडीच्या कानावर ते पडतं. तिचा संताप होतो. ती त्यांच्यासमोर जाऊन ठणकावते की हो, आहे ती, आणि तुमच्यासारख्यांच्या हाती ती लागणार नाही. नीडीला माहीत असतं की हे खरं नाही. जेनिफरने तिला सगळं सांगितलेलं असतं. मैत्रिणीची अब्रू राखायला ती खोटं बोलते, आणि त्या खोट्यामुळेच जेनिफरची निवड पक्की होते.

मी तिथे चित्रपट थांबवला. मला पाणी प्यावंसं वाटलं.

चित्रपट पाहिल्याच्या पुढच्याच वर्षी, शेवटच्या वर्षाला असताना, माझी जोडीदारीण युवक महोत्सवाहून परत आली ती थेट अंथरुणात शिरली. दोन दिवस उठली नाही. रात्रीच्या बसमध्ये तिच्या शेजारी एक सीनिअर मुलगा बसला होता, नाटकातला, सगळ्यांचा लाडका. काय झालं ते तिने मला सांगितलं. चौथ्या दिवशी तिने तक्रार केली. त्या संध्याकाळी रेक्टरबाईंनी मला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हणाले, "मॅडम, ती तसली नाही. तिला साधा बॉयफ्रेंडसुद्धा नाही."

तिला होता. दीड वर्षं होता, आणि त्याला भेटायला जाताना ती माझीच ओढणी घेऊन जायची. मी हे का म्हणाले? कारण त्या चहाच्या कपापलीकडून येणारा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला होता. मी ती वाट बंद करायला गेले. दोन आठवड्यांनी कुणीतरी तिचे त्या मुलाबरोबरचे फोटो ऑफिसात नेऊन दिले. साधे फोटो, सयाजीबागेतले, हातात हात. मग चौकशीत मुद्दा एवढाच उरला की या मुली खोटं बोलतात. बसमधल्या रात्रीबद्दल कुणी पुन्हा विचारलं नाही. तिने परीक्षा दिली आणि घरी निघून गेली. त्या मुलाला वार्षिक संमेलनात ढाल मिळाली.

खोटं बोलण्याच्या नीतीवर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. कान्टचं म्हणणं प्रसिद्ध आहे की मित्राच्या मागावर आलेल्या खुन्यालाही खोटं सांगू नये. खोटं सांगितल्यावर जे घडेल त्याची जबाबदारी तुझ्यावर येते. कॉलेजात हे वाचताना मला तो हट्टी म्हातारा वाटला होता. अजूनही वाटतो. माणूस वाचवायला खोटं बोलावं लागलं तर बोलावं. नीडीचं किंवा माझं चुकलं ते खोटं बोलण्यात नव्हतं. आम्ही समोरच्याचा तराजू मान्य केला, तिथे चुकलं. 'ती तसली नाही' या वाक्यात 'तसली असती तर चाललं असतं' हे वाक्य आधीच बसलेलं आहे. मैत्रिणीला पारड्यात घालून आम्ही सांगितलं, बघा, वजन पुरेसं आहे. तराजू ज्याच्या हातात आहे त्याला यापेक्षा काय हवं?

चित्रपट इथे अतिशय चलाख आहे. बळी शुद्ध हवा, हा सैतानाचा नियम. बळी अशुद्ध निघतो. तरी बॅन्डला प्रसिद्धी मिळतेच! सौद्यात काही कमी पडत नाही. मुलीच्या शुद्धतेने मारणाऱ्यांच्या पदरात काय पडतं यात तीळभर फरक झाला नाही. फरक पडला तो फक्त मुलीचं पुढे काय झालं त्यात. शुद्ध असती तर हुतात्मा, अशुद्ध म्हणून राक्षसीण. हे लिहिताना मला धबधबा आणि सैतान आठवत नाहीत, कोर्ट आठवतं. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय असल्याचं नमूद करून पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जे अनावृत पत्र लिहिलं, ते मी अलीकडे पुन्हा वाचलं. त्यांनी मथुरा 'चांगली मुलगी' होती असा दावा केला नाही. त्यांचा मुद्दा होता की मुकाट्याने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. त्यांनी तराजूच नाकारला. त्या पत्राने आणि त्यानंतरच्या आंदोलनाने १९८३ मध्ये कायदा बदलला, तरी फिर्यादी स्त्रीचं चारित्र्य एकूण वाईट आहे असं दाखवण्याची बचावाला मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम जायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली. वैद्यकीय तपासणीतली ती किळसवाणी 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खाजगीपणाचा भंग ठरवली, आणि २०२२ मध्ये त्याला तेच पुन्हा, अधिक कडक शब्दांत सांगावं लागलं. म्हणजे मी रेक्टरबाईंसमोर बसले तेव्हा ती चाचणी चालू होती. मी एकटीच मूर्ख नव्हते, एवढाच याचा अर्थ. त्याने माझी सुटका होत नाही.

चित्रपट फार थोर आहे असं मला म्हणायचं नाही. कोडीचे संवाद कधीकधी स्वतःवरच खूश होतात. जेनिफरचा जबडा उघडतो तेव्हाची संगणकाची करामत आज हास्यास्पद दिसते. मध्यात तो रेंगाळतो. जाहिरातीत वापरलेलं दोघी मैत्रिणींच्या चुंबनाचं दृश्य मला दोनदा पाहूनही पुरतं पटलेलं नाही, जरी त्यामागची ओढ खरी आहे हे मी मानते. पण शेवट पाहा. नीडी जेनिफरच्या गळ्यातली मैत्रीची माळ हिसकावून तोडते, आणि अधांतरी तरंगणारी जेनिफर खाली पडते. तोवर तिला वर धरून ठेवलं होतं ते सैतानाने की मैत्रिणीने, हे चित्रपट सांगत नाही. मग नीडीच तिला मारते. झटापटीत जेनिफरने घेतलेल्या चाव्यातून थोडी राक्षसी शक्ती नीडीत उतरते. वेड्यांच्या इस्पितळातून पळून जाऊन बॅन्डला संपवते ती नीडी. सूड घेते ती मैत्रीण, जिच्या एका वाक्याने हे सुरू झालं होतं. तो सूड आहे की प्रायश्चित्त?

जाता जाता एक गोष्ट, मला आवडते म्हणून. डेव्हिल्स केटल नावाचा धबधबा मिनेसोटात खरोखर आहे. ब्रूल नदीचा अर्धा प्रवाह तिथे एका रांजणासारख्या खळग्यात पडतो आणि दिसेनासा होतो. वर्षानुवर्षं लोक त्यात काठ्या, चेंडू टाकत आले; बाहेर काही येत नाही. २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय जलतज्ज्ञांनी जाहीर केलं की धबधब्याच्या वरचा आणि खालचा प्रवाह मोजला तर जवळपास सारखाच भरतो, म्हणजे पाणी कुठे जात नाही, थोडं पुढे पुन्हा नदीलाच मिळतं. चित्रपटात २००९ सालीच नीडीला खाली नदीकाठी लाल चेंडू आणि तो सुरा सापडतो.

मी मैत्रिणीला चित्रपट पाठवला. आम्ही वाढदिवसाला बोलतो, तेवढंच. ती आता सुरतेला असते, दोन मुलं आहेत. सोबत लिहिलं, वेळ मिळाला तर बघ, मग बोलू. ते दृश्य कितव्या मिनिटाला आहे ते लिहिलं आणि खोडलं. चार दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला, गुजरातीत, मागे कुकरच्या शिट्ट्या. पहिली तीन मिनिटं ती फक्त अहमतबद्दल बोलली.

अहमत मला आठवेना. मी पुन्हा लावून पाहिला. गुत्त्यात एक परदेशी विद्यार्थी असतो, भारतातून आलेला. नावसुद्धा नीट नाही. 'अहमत' हे तुर्की वळण, आपल्याकडे तो अहमद झाला असता, पण तेवढं विचारायला कुणाला सवड. आगीतून तो वाचतो, रस्त्यावर एकटा चालत असतो. जेनिफर, नुकतीच मेलेली आणि नुकतीच उठलेली, त्याला गाठते आणि विचारते, तू जिवंत आहेस हे कुणाला माहीत आहे का? तो मान हलवतो, नाही. तिने खाल्लेला तो पहिला. आगीत मेलेल्यांत त्याची गणना झालेली असल्यामुळे त्याला कुणी शोधत नाही. कॉलिनचा अंत्यविधी आपल्याला दिसतो. अहमतचं काहीच दिसत नाही. त्याच्या घरी, ते जिथे कुठे असेल तिथे, फोन कुणी केला असेल? ज्या चित्रपटाने मला तराजू दाखवला त्यानेही एक माणूस वजन न करताच बाजूला टाकला होता, आणि तो आपल्यातला असून दोन्ही वेळा मी त्याच्यावरून नजर फिरवून गेले होते.

मेसेजच्या शेवटी ती म्हणाली की ते गुत्त्यातलं दृश्य तिने पाहिलं. मी रेक्टरबाईंना काय सांगितलं होतं ते तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. मग थोडा वेळ नुसता कुकर. मग, मला आधी विचारायचं होतंस, एवढं ती म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिने मेसेज तिथेच थांबवला.

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. दोनदा बोलून रेकॉर्ड केलं, दोन्ही वेळा पुसलं. एकदा मराठीत बोलले होते, एकदा गुजरातीत.